घसरगुंडीखालचे मासे

"घसरगुंडीखाली मासे आले कुठून? आकाशातून पडले का?"

हा प्रश्न नगरपरिषदेच्या रोबोला सगळ्यांसमोर विचारायची पैज ओवी आणि फरीदानं माझ्याशी लावली होती. तीन वर्षांपूर्वी मी तो जेमतेम ओवीच्या कानात विचारला असता. आता मी शाळेच्या स्केटिंग संघाची कप्तान आहे. खणखणीत आवाजात विचारला.

आमच्या वेळशेतची बंदरबाग समुद्राला अगदी चिकटून आहे, पावसाचं पाणी समुद्रात सोडायला पाइपही टाकलाय, तरी दर पावसाळ्यात गुडघाभर पाण्यात बुडते. परवा त्या पाण्यात चक्क बोई माशाची पिल्लं पोहत होती. उद्याच्या सभेत तोडगा निघाला नाही, तर बाग कायमची बंद करून तिथं भराव घालणार होते. म्हणून आज पाहणीला रोबो आला होता. सहा पायांचा, तिरका चालणारा. गावानं त्याचं नाव चिंबोरी (खेकडा) ठेवलंय.

चिंबोरीनं डबक्यात पाय बुडवला. "हे पाणी खारट आहे. ढगातलं असेल?"

"शलाका आउट झाली," फरीदा माझ्याकडे बघत पुटपुटली.

मग चिंबोरीनं माळीकाकांच्या दोन बादल्या भरल्या आणि पाण्यानं भरलेल्या नळीनं जोडल्या. एक बादली बाग, दुसरी समुद्र. समुद्राची बादली मला उचलायला लावली. ही भरती. नळीतून पाणी सरळ बागेच्या बादलीत यायला लागलं. बादली खाली ठेवली, ती ओहोटी, तर पाणी परत फिरलं. म्हणजे पाणी फक्त पातळी बघतं. पाइप आपण कशासाठी टाकलाय याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही.

"मग गेल्या वर्षी पाइप दुप्पट रुंद केला, त्याचं काय?" मी विचारलं.

"समुद्राला दुप्पट मोठं दार मिळालं. मासे त्याच दारानं आले."

दारावरून मला मामाच्या शेताचा खारबंद (समुद्राचं पाणी अडवणारा बांध) आठवला. त्याला उघाडी असते (भरतीच्या रेट्यानं बंद होणारी आणि ओहोटीला उघडणारी झडप). तीच लावायची, मी सुचवलं. चिंबोरी म्हणाली, बरोबर, पण उघाडी बंद असताना पडणारा पाऊस कुठं जाईल? भरती उतरायला साधारण सहा तास लागतात. तेवढा वेळ त्याला बागेतच थोपवायला हवं.

तिनं एक तांब्या हिरवळीवर ओतला. पाणी मुरलं. दुसरा स्केटिंगच्या काँक्रीट कोर्टावर ओतला. पाणी धावत थेट घसरगुंडीखाली गेलं.

ते कोर्ट वाचवायला दोन वर्षांपूर्वी बाराशे सह्या मीच गोळा केल्या होत्या.

चिंबोरीनं नकाशा दाखवला. कोर्ट फोडून अर्धा मीटर खोल करायचं, तळाला सच्छिद्र (बारीक भोकांचा, पाणी पिणारा) थर द्यायचा, कडेनं पाणी सोसणारी झाडं लावायची. चाळीस बाय वीस मीटरच्या त्या खळग्यात चार लाख लिटर पाऊस मावेल. थोडा मुरेल, उरलेला ओहोटीला उघाडीतून जाईल. एरवी तिथंच स्केटिंग करता येईल. काम मात्र मार्चपर्यंत चालणार, आणि आमची जिल्हा स्पर्धा डिसेंबरात.

"तोडगा तयार आहे, तर अडलंय कुठं?" ओवीनं विचारलं.

"फाइलमध्ये एक अर्ज आहे. कोर्टाला हात लावू नये असा." चिंबोरी माझ्याकडे वळली. "त्यावर पहिली सही शलाकाची आहे."

पैजेतला वडापाव फरीदानं इमानदारीत दिला. मी तो तसाच पिशवीत टाकला.

घरी बाबा माझ्या स्केट्सच्या चाकांना तेल घालत होते, आई डबा भरत होती. मी दोघांनाही समोर बसवलं आणि बादल्यांपासून सगळं सांगितलं.

"आणि डिसेंबर?" बाबांनी हळूच विचारलं. त्यांच्या हातातलं चाक अजून फिरत होतं.

"डिसेंबरात आम्ही शाळेच्या पटांगणात सराव करू. पडू, गुडघे फुटतील, कदाचित हरूही. पण बाग राहील. पुढच्या जुलैत भर भरतीला पाऊस आला, की तुम्हा दोघांना काठावर उभं करून कोर्ट भरताना दाखवीन. उद्या सभेत जुना अर्ज मी मागे घेणार आहे. कोर्ट फोडायचा नवा अर्ज लिहून झालाय. पहिली सही माझीच आहे."