चौकोन रिकामा ठेवू नये

छत्री उलटी होण्याचं एक बरं असतं. माणसाला कुठेतरी आत शिरायला निमित्त मिळतं. माहिती मॅडमची छत्री पर्यटन कार्यालयाच्या दारातच वाऱ्याने उलटी झाली, दोन काड्या तुटून लोंबू लागल्या, आणि रस्त्यापलीकडे 'छत्र्या, बॅगा, चेन दुरुस्त करून मिळतील' अशी पाटी होती. वर्षभर ती पाटी तिला खिडकीतून दिसत होती. आत जायचा योग मात्र आज आला.

माहिती मॅडम हे काही तिचं नाव नव्हे. 'परदेशी पाहुण्यांसाठी आवश्यक माहिती' ही पुस्तिका तिने एकटीने तयार केली, तेव्हापासून शिपायापासून साहेबांपर्यंत सगळे तिला तशीच हाक मारत. व्हिसा कोणाला लागतो, बँका किती वाजता बंद होतात, रस्ता ओलांडताना आधी कुठे बघावं... सगळं तोंडपाठ. छत्री वाऱ्यात कशी धरावी हे पुस्तिकेत नव्हतं, त्यामुळे तिलाही माहीत नव्हतं.

दुकान एवढंसं. दोन माणसं आत उभी राहिली तर तिसऱ्याने बाहेरूनच बोलावं. बॅगवाला स्टुलावर बसून एका सुटकेसचं चाक पकडीने ओढत होता. तिशीचा असेल. ओठांत सुई धरलेली, त्यामुळे 'या, बसा' त्याने भुवयांनीच सांगितलं. भुवया चांगल्या होत्या.

तेवढ्यात फोन वाजला. बॅगवाल्याने सुई काढून बाहीला टोचली, हात पुसले, घसा साफ केला आणि स्वच्छ इंग्रजीत म्हणाला, "नमस्कार. परदेशी पाहुण्यांसाठी मदत केंद्र. बोला."

माहिती मॅडम बसता बसता उभी राहिली.

"नाही काकू, नळाचं पाणी उकळून प्या... दात घासायला चालेल. प्लगची पिन? तीन पायांची, गोल. तुमची दोन पायांची असेल तर हॉटेलच्या काउंटरवर अडॅप्टर मागा. आधी नाही म्हणतील. तिथेच उभ्या राहा. मग देतात."

शेवटची तीन वाक्यं पुस्तिकेत नव्हती. पण खरी होती.

हे कसं झालं असेल, ते तिला एका क्षणात कळलं.

कार्यालयाचा एक नियम होता. छपाईला जाणाऱ्या तक्त्यात चौकोन रिकामा ठेवायचा नाही. साहेब मजकूर वाचत नसत, चौकोन बघत. मदत केंद्राच्या फोनचा नंबर यायला उशीर होत होता आणि तेवढ्या एका चौकोनासाठी तक्ता दोनदा परत आला होता. शेवटी तिने खिडकीबाहेर बघून समोरच्या पाटीवरचा नंबर पेन्सिलीने भरून टाकला — तात्पुरता. पुढे खरा नंबर आला, नवा पांढरा फोन तिच्या टेबलावर येऊन बसला आणि बदलायचं तेवढं राहिलं. पुस्तिका छापून विमानतळावर, हॉटेलांत सगळीकडे गेली. तीन आठवड्यांत पांढरा फोन एकदाही वाजला नाही. 'पाहुण्यांना कसलीच अडचण नाही,' असा साहेबांनी त्याचा अर्थ लावला आणि तसं वर कळवूनही टाकलं.

आणि सोमवारी तिची नोकरी कायम व्हायची होती. फाइल साहेबांच्या टेबलावर होती. कायम झाली नाही, तर भाड्याची खोली सोडून दादाच्या घरी जायचं आणि वहिनीच्या शिकवणीच्या वर्गात पाढे घ्यायचे. वहिनीला मुलं तर घाबरतच, पाढेही घाबरत.

"काड्या दोन्ही बदलाव्या लागतील," बॅगवाला फोन ठेवून म्हणाला. "तुम्ही पांढऱ्या का पडलात?"

"हे फोन... किती दिवस?"

"तीन आठवडे. आधी वैतागलो. मग एका आजोबांचा पासपोर्ट टॅक्सीत राहिला होता. ते रडत होते. म्हटलं, देशाने आपला नंबर छापलाय, तर मदत नको का करायला?"

"अहो, पण आमच्याकडे तक्रार तरी करायची!"

"आलो होतो. दारावरच्या काकांनी फॉर्म दिला. त्यात 'आपला देश' असा चौकोन होता. मी आपलाच देश लिहिला. ते म्हणाले, हा फॉर्म फक्त परदेशी लोकांसाठी आहे." त्याने छत्री उलटसुलट करून बघितली. "शिवाय... खरं सांगू? तुमची छत्री मोडायची वाट बघत होतो."

"म्हणजे?"

"तुम्ही खिडकीत बसता ना? रोज चार वाजता, हातात चहा घेऊन इकडे बघता. मला वाटायचं —" त्याने एकदम काडीकडे लक्ष दिलं. "काही नाही."

इथे गप्प बसणं सोपं होतं. पण तिच्या जिभेला सगळी माहिती देऊन टाकायची सवय लागली होती.

"नंबर मीच घातला. तुमच्या पाटीवर बघून."

"अच्छा," बॅगवाला म्हणाला. मग त्याने तुटकी काडी उपसून बाजूला ठेवली. "म्हणजे तुम्ही पाटी बघत होतात."

तिला काहीतरी बोलायचं होतं. पण दारात एक बाई फाटकी पिशवी घेऊन उभी राहिली.

"उद्या संध्याकाळी मिळेल," तो म्हणाला. "आणि काळजी करू नका. तोवर देश मी सांभाळतो."

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता वरच्या कार्यालयातून मोठे साहेब आले. पाहुण्यांना काहीच अडचण नाही, ही बातमी त्यांना फार आवडली होती आणि आवडलेल्या बातमीवर त्यांचा विश्वास नसे. ते केबिनमध्ये बसले, दार लावलं आणि पुस्तिका उघडून त्यातलाच नंबर फिरवला. परदेशी माणसासारखं बोलण्यासाठी त्यांनी नाक दाबून धरलं होतं.

माहिती मॅडमच्या टेबलावरचा पांढरा फोन गप्प होता. रस्त्यापलीकडे बॅगवाल्याने सुई बाहीला टोचलेली तिला दिसली.

केबिनच्या काचेतून मोठ्या साहेबांचा चेहरा दिसत होता. आधी कपाळावर आठी. मग आठी गेली. मग ते नाक सोडून साध्या आवाजात बोलू लागले. मग चक्क हसले. पुढे त्यांनी पेन काढून काहीतरी लिहून घेतलं. सात मिनिटं. तेवढ्या वेळात माहिती मॅडमने मनातल्या मनात बारापर्यंतचे पाढे म्हणून पाहिले. आठाचा अडकला.

दार उघडलं. "वा!" मोठे साहेब म्हणाले. "बॅगेचं चाक तुटलं म्हणालो, तर नवी बॅग घेऊ नका म्हणे, दुरुस्त होते! माझ्या जुन्या बॅगेचंसुद्धा विचारून घेतलं. कोण घेतं हा फोन?"

साहेबांनी तिच्याकडे बोट दाखवलं.

"या? आवाज भारदस्त आहे हो तुमचा."

"सर्दी झालीय, सर," ती म्हणाली आणि शिंकायचा प्रयत्न केला. शिंक आली नाही.

"असू दे, असू दे. यांना प्रशस्तिपत्र द्या, साहेब. तीन आठवडे एवढ्या मायेने बोलायचं म्हणजे थट्टा नाही."

सर्दी पुरली असती. सोमवारपर्यंत नक्कीच पुरली असती. पण तिला त्या रडणाऱ्या आजोबांची आठवण झाली आणि पुसलेल्या हातांची.

"सर, तो आवाज माझा नाही," ती म्हणाली. "समोरच्या दुकानातला आहे." आणि तिने सगळं सांगितलं. पेन्सिलीपासून.

साहेब अगदी हळू आवाजात म्हणाले, "एकच सांगा. तक्ता छपाईला गेला तेव्हा चौकोन रिकामा होता?"

"नाही, सर."

"मग नियम मोडलेला नाही," साहेबांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मंजुरीची सही त्यांचीच होती, हे सगळ्यांनाच आठवत होतं. त्यांना जरा जास्तच.

"न आवडणारी बातमी स्वतःहून सांगणारं माणूस पहिल्यांदाच बघतोय," मोठे साहेब म्हणाले. मग त्यांनी तिची फाइल मागवली. "उरलेल्या पुस्तिकांवर खऱ्या नंबरची पट्टी चिकटवा," सही करत ते म्हणाले. "हॉटेलांतल्यासुद्धा परत मागवा. नव्या आवृत्तीत त्या दुकानदाराला काय काय विचारलं गेलं, ते घाला. सोमवारपासून तुम्ही कायम. आणि पेन्सिल वापरू नका."

संध्याकाळी पायऱ्या उतरताना तिला इतकं हलकं वाटत होतं की कठडा धरावा लागला. बाहेर भुरभुर पाऊस होता. छत्री दुरुस्तीला असल्यामुळे ती भिजतच पलीकडे गेली. रस्ता ओलांडताना आधी कुठे बघायचं, ते साफ विसरली.

"झाले कायम!" ती दारातूनच ओरडली.

बॅगवाल्याच्या हातातली पकड खाली पडली. "खरंच? सुटलो बुवा! तो नाक दाबून बोलणारा माणूस तपासणीसाठी फोन करतोय, हे मी ओळखलं होतं. एवढा घाबरलो की त्याला हॉटेलच्या काउंटरवर उभं राहायचं सांगायलाच विसरलो."

"आता तुमचा फोन वाजणार नाही. पट्टी चिकटवतोय आम्ही."

"हं," तो म्हणाला. ज्याचं तीन आठवडे काम खोळंबलं होतं, त्याने खरं म्हणजे हसायला हवं होतं. त्याने खणातून एक जाड वही काढली. "मग ही घेऊन जा. कोणी काय विचारलं, मी काय सांगितलं, सगळं आहे. पण माझं अक्षर तुम्हाला लागणार नाही. समोर बसून वाचून दाखवावं लागेल."

"किती पानं आहेत?"

"एकशे वीस."

"रोज किती वाचाल?"

"एक," बॅगवाला गंभीरपणे म्हणाला. "घसा दुखतो."

तिने हसू दाबलं. त्याने छत्री उघडून दाखवली. नव्या काड्या ताठ, कापड तंग. छत्रीच्या आडून त्याने विचारलं, "ती पाटी... तुम्ही नीट वाचली होती का? रंग उडालाय, म्हणून विचारतो."

"नंबर उतरवून घेताना वाचली. एकदाच."

"एकदाच?"

"नंबर उतरवायला कितीदा बघावं लागतं?"

"मग वर्षभर, रोज चार वाजता..."

"ते पुस्तिकेत दिलेलं नाही," माहिती मॅडम म्हणाली आणि त्याच्या हातातून छत्री घेताना उगाचच थोडा उशीर केला.

सोमवारी सकाळी साडेदहाला कायम झाल्याचं पत्र खणात ठेवून ती बसली, तोच पांढरा फोन वाजला. जन्मात पहिल्यांदा. साहेब केबिनमधून धावत बाहेर आले. शिपाई उभा राहिला. तिने घसा साफ केला.

"नमस्कार. परदेशी पाहुण्यांसाठी मदत केंद्र. बोला."

"नमस्कार," पलीकडून आवाज आला. ओळखीचा, पण नाक दाबलेला. "मी रस्त्यापलीकडून बोलतोय. हा प्रदेश मला नवीन आहे. इथल्या लोकांशी ओळख वाढवायची असेल, तर सुरुवात कशाने करावी?"

तिने खिडकीबाहेर बघितलं. पाटीकडे नाही.

"चहाने करा," ती म्हणाली. "चार वाजता. न घाबरता प्या... पाणी उकळलेलं असतं."