बाहेर पडतानाची सही

शहरात वर्षभर जी नाटकं आणि नाचाचे कार्यक्रम होतात, त्यांतले निदान साठ मला पाहावे लागतात. हौस म्हणून नाही, गुण द्यायला. आमच्या संस्थेचे आम्ही तीन परीक्षक. एकमेकांच्या तोंडाकडे बघून मत बनवू नये म्हणून तिघं वेगवेगळ्या दिवशी प्रयोग पाहतो. आत शिरताना दारावरच्या वहीत सही करायची, बाहेर पडताना वेळ घालून पुन्हा करायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दहापर्यंत तक्ता द्यायचा. त्यात दिग्दर्शन, नेपथ्य, प्रकाश आणि प्रत्येक भूमिका यांना दहापैकी गुण. एक नियम कुठे छापलेला नाही, पण सगळ्यांना पाठ आहे: पडदा पडेपर्यंत उठायचं नाही.

हा नियम मी एकोणीस वर्षं पाळला. रटाळ नाटकांत पाळला, बंद पडलेल्या पंख्यांखाली पाळला, एकदा तर दाढ ठणकत असताना पाळला. म्हणून मला सगळे खिळा म्हणतात. मला ते नाव आवडायचं, हे कबूल करायला हरकत नाही.

माझे वडील गवंडी. त्यांनी जन्मात नाटक पाहिलं नाही. "माणसं खोटं बोलतात ते फुकटात बघायला मिळतं की," असं म्हणायचे. कुणाच्या नव्या घरात शिरले की आधी भिंतीवर दोन बोटं वाजवायचे आणि मान तिरकी करून ऐकायचे. भिंत भरीव निघाली तर पुढे जायचे. पोकळ निघाली तर मान हलवून पाठ फिरवायचे, मग मालक कितीही मोठा असो. दोन वर्षांपूर्वी त्यांची उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. तेव्हापासून ते माझ्याकडे असतात. चारी बाजूंनी फिरता यावं म्हणून पलंग खोलीच्या मधोमध ठेवला आहे. दिवसभर त्यांना सांभाळायला एक बाई येतात.

त्या शनिवारी चारचा प्रयोग होता. माझी नेहमीची खुर्ची, अकराव्या रांगेत कडेची. नाटक एका घराचं होतं. दोन भाऊ, धाकट्याची बायको, आणि सगळे ज्यांची वाट बघतायत ते वडील. घराची मागची भिंत म्हणजे लाकडी चौकटीवर ताणलेलं रंगवलेलं कापड. कुणी जवळून गेलं तरी थरथरायचं. नेपथ्याला मी मनातल्या मनात पाच गुण दिले.

मध्यंतराला बाईंचा फोन आला. "दादा, बाबा पलंगावरून पडले. तुम्ही या लगेच."

मी तसाच निघालो. वहीत सही करायचं भानही नव्हतं.

घरी पोचलो तेव्हा डॉक्टर येऊन गेले होते. हाड मोडलेलं नव्हतं, बाबा गाढ झोपले होते. घड्याळात साडेसहा झाले होते. आता परत जाऊन काय बघणार? मी पलंगाशी खुर्ची ओढली आणि तक्ता काढला. पात्रांच्या यादीत सगळ्यात खाली 'वडील' असं छापलं होतं, पुढे नटाचं नाव नव्हतं. छापखान्याची चूक, मी म्हटलं. पूर्वार्धभर ज्याची वाट बघायला लावली त्याला शेवटी न आणणारा लेखक मी एकोणीस वर्षांत पाहिला नव्हता. मग समोर झोपलेल्या बाबांकडे बघत लिहीत गेलो:

'शेवटी वडील येतात. राखाडी स्वेटर, वरचं बटण तुटलेलं. एक शब्द बोलत नाहीत. डाव्या हाताच्या दोन बोटांनी घराची भिंत वाजवून पाहतात, पुढे येतात आणि प्रेक्षकांत कुणाला तरी शोधतात. अप्रतिम. गुण नऊ.'

खाली सही ठोकली. झाकली मूठ सव्वा लाखाची.

तीन आठवड्यांनी बैठक झाली. बाकीच्या दोघांनी तेच नाटक माझ्यानंतर पाहिलं होतं. त्यांतल्या एक नृत्यशिक्षिका. दुसरे, ज्यांना सगळे काका म्हणतात, त्यांची हयात नाट्यगृहात दिवे सांभाळण्यात गेली.

"वडिलांना मीही नऊच दिलेत," शिक्षिका म्हणाल्या. "काय चालणं ते. उजवा पाय ओढत येतात ना, तशी चाल शिकवून येत नाही."

"आणि ते भिंत वाजवणं," काका म्हणाले. "फक्त एक कळलं नाही, खिळ्या. त्यांच्यावर उजेड टाकला कुणी? वरचे सगळे दिवे विझलेले होते. मी मोजले."

मी मान डोलावली. चोराच्या मनात चांदणं; पकडलो गेलो नाही म्हणून आधी हायसंच वाटलं. अंधारात मारलेला दगड बरोबर लागला होता. जिना उतरताना मात्र पाय थबकले. पाय ओढण्याबद्दल मी काहीच लिहिलं नव्हतं.

नाटक पहिलं आलं. आमच्याकडे पहिल्या आलेल्या नाटकाला त्याच नाट्यगृहात वर्षभर प्रयोग मिळतात, दर शनिवारी आणि रविवारी चारला. ते सुरू होऊन महिना झाला, तेव्हा प्रमाणपत्रासाठी वडिलांचं काम करणाऱ्या नटाचं नाव हवं होतं. मी दिग्दर्शकाला फोन लावला.

"वडील येतच नाहीत, साहेब," तो म्हणाला. "तेच तर नाटक आहे. यादीत जागा मुद्दाम रिकामी ठेवलीय."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तुम्ही पहिले नाही विचारणारे," तो पुढे म्हणाला. "प्रेक्षक आत येऊन वडिलांना भेटायचं म्हणतात. सुनेचं काम करणारी आमची नटी आता त्या भिंतीकडे पाठ करून उभी राहत नाही."

संध्याकाळी घरी गेलो तर बाई दारातच थांबल्या होत्या.

"दादा, एक सांगू का? शनिवार-रविवार बाबांचं काहीतरी होतं. चारला झोपतात ते उठतच नाहीत. आधी सातला जागे व्हायचे, काल साडेआठ झाले. हाक मारली, तोंडावर पाणी शिंपडलं, काही नाही. अंग गार." त्यांनी बाबांचा डावा हात उचलून दाखवला. दोन बोटांची सालटं निघाली होती आणि नखांत चुन्याची पांढरी भुकटी होती. "भिंतीपर्यंत हात तरी पोचतो का यांचा?"

डॉक्टर म्हणाले, नाडी दर आठवड्याला मंद होतेय, माणूस रोज जिने चढत असावा तसं हृदय दमलंय. प्रयोग वर्षभर चालणार होते, आठवड्यातून दोनदा. हिशेब करायची गरजच नव्हती. मला भीती वाटली, आणि भीतीपेक्षा जास्त लाज वाटली. बापाला मीच तिथे उभं केलं होतं. नऊ गुण देऊन.

दुसऱ्या दिवशी चिठ्ठी लिहून संस्थेच्या सचिवांच्या हातात दिली. मी मध्यंतराला उठलो, तक्ता खोटा आहे, ती भूमिका आणि तो निकाल रद्द करा. एकोणीस वर्षांचं नाव चार ओळींत संपलं. पण छाती हलकी झाली.

सचिवांनी चिठ्ठी वाचली आणि हसले. "खिळा आणि मध्यंतराला उठणार?" त्यांनी कपाटातून दारावरची वही काढली. माझं नाव. आत, तीन पन्नास. बाहेर, सहा पन्नास. पुढे सही, खाली माझा वळणदार फराटा.

त्यांनी नाट्यगृहाच्या द्वारपालाला बोलावलं.

"साहेब शेवटीच उठले," तो म्हणाला. "सगळे गेल्यावर. मीच म्हटलं, साहेब, पडदा पडला. तेव्हा कुठे सही केली." मग माझ्याकडे वळला. "त्यानंतर तर एकही प्रयोग चुकवला नाही तुम्ही. तीच खुर्ची."

सचिवांनी चिठ्ठी घडी करून माझ्या खिशात घातली. "थोडे दिवस घरी आराम करा," ते म्हणाले.

शनिवारी मी गेलो. मध्यंतरानंतर, अंधार झाल्यावर, मागच्या दाराशी उभा राहिलो.

शेवटचा प्रसंग. दिवे एकेक करून विझले. दोघं भाऊ आपापली वाक्यं बोलत होते.

बाबा आले.

राखाडी स्वेटर. वरचं बटण नाही.

त्यांनी दोन बोटं त्या कापडावर वाजवली. कापड हललं नाही. आवाज विटांचा आला, भरीव. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या कुणीतरी श्वास रोखला.

उजवा पाय ओढत ते पुढे आले, अगदी कडेपर्यंत, आणि शोधू लागले.

मी हात वर केला. "बाबा," म्हटलं. आवाज बाहेर पडला की नाही, माहीत नाही.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते अकराव्या रांगेत बघत होते, कडेच्या खुर्चीकडे. तिथे कुणीतरी ताठ बसलं होतं. मला पाठीमागून खांदा दिसला, आणि गुडघ्यावरच्या वहीत चालणारा हात.

बाबा हसले. दोन वर्षांत पहिल्यांदा, पूर्ण तोंडभर.

पडदा पडायच्या आत मी बाहेर पडलो. घरापर्यंत जवळजवळ धावलो.

"आज लवकर जागे झाले," बाईंनी दार उघडत सांगितलं. "आत्ताच. आणि दादा, हसले."

बाबा उशीला टेकून बसले होते. मी पलंगाच्या कडेवर टेकलो. छाती भात्यासारखी चालली होती.

"बाबा, चुकलं माझं," मी म्हटलं. "मी मध्येच उठलो."

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं, नव्या घरात शिरल्यावर पाहायचे तसं. मग डावा हात उचलला. माझ्या छातीवर दोन बोटं वाजवली आणि मान तिरकी करून ऐकलं.

आवाज ताणलेल्या कापडाचा आला.

बाबांनी मान हलवली आणि पाठ फिरवली.