आठव्या पानावरचं दुकान

डिसेंबरातली लख्ख उन्हाची दुपार. विश्रामबागेतल्या मैदानावर बचत गटांचं प्रदर्शन भरलं होतं. लोणची, पापड, शेवया, चटण्या… प्रत्येक टेबलामागे बायकाच बायका. आणि अगदी टोकाच्या टेबलामागे, काळ्याभोर घोंगड्यांच्या ढिगाशेजारी, एकटाच एक पुरुष अवघडून उभा.

उत्कर्षा थांबली ती खरं तर सावली बघून. पण घोंगडीवर हात ठेवला आणि तो तिथंच राहिला. खरखरीत, उबदार, लोकरीचा ओला वास असलेली.

"तुम्ही स्वतः विणता?"

"व्हय. आई सूत कातती, मी माग चालवतो. म्हसवडच्या अलीकडं गाव हाय आमचं. ऑनलाइन दुकान बी हाय बरं का!" त्यानं अभिमानानं पुठ्ठ्यावर लिहिलेलं नाव दाखवलं.

उत्कर्षाचा धंदाच तो. सांगलीतल्या छोट्या दुकानांच्या वेबसाइट गूगलवर वर आणून द्यायच्या. तिचा हात आपोआप फोनकडे गेला. 'घोंगडी' असं लिहून ती शोधू लागली. पहिलं पान, दुसरं, तिसरं… तो उत्सुकतेनं तिच्या बोटाकडे बघत राहिला.

"सापडलं," ती म्हणाली. "आठव्या पानावर."

"आठव्या का असंना, हाय न्हवं?"

"आठव्या पानावर कुणी जात नाही हो!"

"तुमी आला की," तो म्हणाला, आणि म्हणून झाल्यावर स्वतःच लाजला.

त्याचं नाव बिराप्पा. उत्कर्षानं त्याला त्याच टेबलापाशी उभं राहून समजावलं, की दुकानात फोटो आणि किंमत याखेरीज एक अक्षर नाही. गूगलला कळणार कसं की इथं काय मिळतं? लोक काय विचारतात, कोणत्या शब्दांत शोधतात, त्याची उत्तरं तिथं हवीत.

"मला लिवायला न्हाई जमत, मॅडम. बोलाय सांगा."

"मग बोला. मी लिहीन."

असं ठरलं. रोज सकाळी ती एक प्रश्न पाठवायची, आणि दुपारपर्यंत त्याचा व्हॉइस मेसेज यायचा. मागे मागाची ठकठक, मध्येच एखादी मेंढी, आणि त्यातून त्याचा संथ आवाज.

"घोंगडी टोचती का? टोचती की. पयले चार दिस टोचती, मंग मऊ पडती. नव्या माणसाचं बी तसंच असतंय न्हवं का…"

उत्कर्षा कानात इयरफोन घालून टाइप करायची. खरं तर एकदा ऐकून पुरे होतं. पण ती दोनदा ऐकायची. जानेवारी लागला तेव्हा तीनदा ऐकू लागली होती, आणि तिसऱ्यांदा ऐकताना टाइप काहीच करत नव्हती.

एकदा तिनं लिहिलं, 'लोक "पाठदुखीवर घोंगडी" असं फार शोधतात. तसं एक पान करूया?'

लगेच उत्तर आलं. "तसलं काय लिवू नगा, मॅडम. आईचीच पाठ दुखती, आनि ती जल्मभर घोंगडीवरच निजती!"

ती एकटीच खुर्चीत बसून खळखळून हसली. मग हळूच विचारलं, 'तुम्ही मला मॅडम का म्हणता?'

उत्तरादाखल नुसती मागाची ठकठक आली, अकरा सेकंदांची.

जानेवारी संपता संपता दुकान चौथ्या पानावर आलं. रोज एखाददुसरी ऑर्डर येऊ लागली. पण त्याच आठवड्यात बिराप्पा म्हणाला, "मामा कोइमतूरला गलाईच्या दुकानात हाय, सोनं गाळायचं काम. तो बोलावतोय. मी आनखी महिनाभर बघनार. न्हाई जमलं तर माग बंद करून जावं लागंल."

महिनाभर! चौथ्या पानावरून पहिल्यावर यायला निदान सहा महिने लागतात, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? आणि कोइमतूर… किती लांब ते.

त्या दुपारी तिनं जे केलं, ते ती इतरांना कधीच करू देत नसे. वेगवेगळ्या नावांनी तिनं दुकानावर अकरा खोटे अभिप्राय लिहिले. सगळ्यांना पाच-पाच तारे. शेवटच्या अभिप्रायाला काही सुचेना, म्हणून लिहून टाकलं, 'गरम पाण्यात मशीनला धुतली, अगदी नव्यासारखी! – मीनल, पुणे.'

दुकान दुसऱ्या पानावर सरकलं. बिराप्पानं इतक्या आनंदानं सांगितलं, की तिला खरं सांगायचा धीरच झाला नाही.

आठ दिवसांनी तो अचानक तिच्या दारात उभा राहिला. धुळीनं माखलेला, हातात एक पार्सल. त्यानं ते तिच्या टेबलावर उघडलं. आत घोंगडी होती… म्हणजे कधीकाळी असावी. आता ती टॉवेलाएवढी, पत्र्यासारखी ताठ झाली होती. सोबत फलटणच्या एका निवृत्त सुभेदारांची, नानासोंची, चिठ्ठी होती. 'आपल्याच दुकानावर मीनलताईंनी लिहिल्याप्रमाणे मशीनला लावली. आत घातली तेव्हा घोंगडी होती, बाहेर आला हातरुमाल. खुलासा करावा.'

"ह्या मीनलताई कोन?" बिराप्पानं विचारलं.

उत्कर्षानं मान खाली घातली. "मी."

"आनि बाकीची?"

"तीही… मीच. तुम्ही जाऊ नये म्हणून…"

तो ओरडला असता तर बरं झालं असतं.

"आठव्या पानावर हुतो," तो हळू म्हणाला, "पर खरा हुतो."

आणि पार्सल तिथंच ठेवून निघून गेला.

उत्कर्षानं अकराही अभिप्राय पुसले. दुकान पुन्हा घसरलं. चार दिवस फोनवर ना ठकठक, ना मेंढी. पाचव्या दिवशी सकाळी तिनं ती आटलेली घोंगडी पिशवीत घातली आणि आटपाडीची एसटी धरली. तिथून दुसरी, मग वडापची जीप. दुपारी ती त्याच्या अंगणात पोचली, तेव्हा त्याची आई, हरणाबाई, पडवीत सूत कातत बसली होती. आतून मागाचा आवाज येत होता. तिची चाहूल लागताच तो थांबला.

"मावशी, मी उत्कर्षा. मी तुमच्या दुकानाबद्दल खोटं लिहिलं. त्यापायी ही अशी झाली." तिनं एका दमात सांगितलं आणि पिशवी उघडली.

हरणाबाईनं ते टॉवेलाएवढं फडकं उलटंपालटं करून बघितलं. तिचे खांदे हलू लागले. उत्कर्षा घाबरली, पण म्हातारी हसत होती!

"आगं बया! काय ह्याची दशा केलीया!" डोळे पुसत ती उठली, दावणीचं चार दिवसांचं कोकरू उचलून आणलं आणि ते फडकं त्याच्या पाठीवर टाकलं. अगदी मापात बसलं. कोकरू ऐटीत अंगणभर फिरू लागलं. आतून, दाबता दाबता न दाबलेलं हसू ऐकू आलं.

उत्कर्षानं फोटो काढला. आणि मग तिथंच, हरणाबाईच्या शेजारी बसून, फोनवर एक पान लिहिलं. 'घोंगडी मशीनमध्ये का धुवू नये.' थंड पाणी, रिठा, पिळायची नाही, सावलीत वाळवायची. वर कोकराचा फोटो, आणि खाली, 'मशीनमध्ये धुवा असा अभिप्राय या दुकानावर होता. तो खोटा होता, आणि तो मी लिहिला होता. – उत्कर्षा, सांगली.'

बिराप्पा बाहेर येऊन तिच्या मागे उभा होता. त्यानं ते सगळं वाचलं.

"तुमचं नाव कशाला घातलं? धंद्याला बाधंल की तुमच्या."

"बाधू दे."

परतीच्या वेळी तो तिला वडापपर्यंत सोडायला आला, आणि वाटेत म्हणाला, "चार दिस लय जड गेलं."

सुभेदारांना नवी घोंगडी गेली. त्यांनी कोकराचा फोटो आपल्या फलटणभरच्या फौजी मित्रांना पाठवला. त्यांनी पुढे पाठवला. कुणी ते पान दाखवून हसलं, कुणी ते वाचून घोंगडी वाचवली. फेब्रुवारी संपला तेव्हा 'घोंगडी कशी धुवायची' असं कुणीही शोधलं की पहिलं तेच पान यायचं, आणि मार्चात नुसतं 'घोंगडी' म्हटलं तरी दुकान पहिल्या पानावर, तिसऱ्या क्रमांकाला.

उत्कर्षानं ही बातमी फोनवर दिली. पलीकडची मागाची ठकठक थांबली.

"मंग… तुमचं काम झालं म्हनायचं."

"हो," ती म्हणाली. इतकी मोठी गोष्ट झाली होती, आणि दोघांचाही आवाज पडला होता.

दुसऱ्याच दिवशी तो सांगलीत आला. कृष्णेच्या काठावर, आयर्विन पुलाच्या बाजूला दोघं भडंगाचा एक पुडा मध्ये ठेवून बसली. ऊन उतरलं होतं. पाण्यावरून गार वारा येत होता.

"मामाला न्हाई म्हनून कळवलं," तो म्हणाला.

"ऑर्डरी आल्या म्हणून?"

"व्हय." थोडं थांबून, "तेवढंच न्हाई."

"मग?"

"आई म्हनत हुती, त्या पोरीला इचार, आमच्या माणदेशातलं ऊन सोसंल का म्हनून."

"आई म्हणत होत्या. तुम्ही काय म्हणता?"

त्यानं भडंगातला एक शेंगदाणा उचलला, परत ठेवला. फोनवर दोन-दोन मिनिटं बोलणारा हा माणूस! तिला हसू आलं.

"मी म्हनतो… माग हितं बी घालता यील. सांगलीत. खोली बघून."

"आणि विश्रामबागेत मेंढ्या कुठं चारणार?"

तो गोंधळला. तिनं त्याच्या हातावर हात ठेवला. मागानं घट्टे पडलेला, खरखरीत, उबदार हात.

"माझं काम काय, म्हसवडातूनही होतं. मला तू आवडतोस, बिराप्पा. कधीपासून ते नको विचारू. बाबांना मी सांगते. ते आधी आठ दिवस बोलणार नाहीत, मग घोंगडी मागतील."

"मॅडम—"

"मॅडम नाही."

"उत्कर्षा," तो म्हणाला. जपून, पहिल्यांदाच. मग पुन्हा एकदा, जरा मोठ्यानं. शेजारी भेळ खाणाऱ्या दोन बायकांनी वळून बघितलं, तरी त्यानं हात सोडला नाही.

"तुझी गाडी साडेपाचची ना? सुटेल हं," ती म्हणाली.

"सुटू दे," बिराप्पा म्हणाला. "साताला आनखी एक हाय."