सुगंधा नावाची वाटी

कुंदाताई रेडकरांना जगात कुणीही नाही, ही गोष्ट सरकारने कसून तपासून, शिक्का मारून मान्य केली होती. नवरा गेलेला, मूलबाळ नाही, भावाशी बोलणं घराच्या वाटणीच्या वेळीच तुटलेलं. इतकी वर्षं लोकांनी ज्याला ‘अरेरे’ म्हटलं, त्यालाच निवड समितीने ‘उत्तम’ म्हटलं. एका सहकारी बँकेच्या तळघरात जन्मभर लॉकरच्या चाव्या सांभाळलेल्या कुंदाताईंना तेव्हा जरा हसूच आलं होतं.

त्या आता कुंजीधर होत्या. डोंगराच्या पोटात, काळ्या कातळाखाली, प्लुटोनियमचं कोठार होतं. त्यातला थोडासा साठा जरी चुकीच्या हातात पडला, तरी त्याचा बॉम्ब करून एखादं शहर बेचिराख करता आलं असतं. कोठाराच्या पोलादी दाराला ना चावी होती, ना आकडे. चावी चोरीला जाते, आकडे फुटतात, आणि एका यंत्राने लावलेलं कुलूप दुसरं यंत्र उघडतं. म्हणून हे कुलूप थेट एका जिवंत मेंदूशी जोडलेलं होतं. ठरलेल्या माणसाने दाराच्या पट्टीला कपाळ टेकवायचं. कुलूप त्याच्या मेंदूतल्या लहरी वाचायचं. ओळख पटली की दिवा हिरवा व्हायचा, आणि मग त्याच माणसाने चाक फिरवायचं. तो माणूस म्हणजे कुंजीधर.

“आणि कुणी माझ्या डोक्याला पिस्तूल लावलं तर?” कुंदाताईंनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

हे कुलूप ज्यांनी घडवलं, ते डॉ. उपासनी या प्रश्नाने खूश झाले. “घाबरलेल्या माणसाच्या लहरी वेगळ्या असतात, ताई. त्याला कुलूप दाद देत नाही. आम्ही फसलो ते दुसरीकडेच. एका कोठारावरच्या कुंजीधराची मुलगी अतिरेक्यांनी पळवली. बाप कुलपापुढे आला तेव्हा त्याच्या लहरी इतक्या शांत, जणू ध्यानाला बसलाय. पोरीला वाचवायचं हे मनाने एकदा घेतलं, की भीती उरतच नाही. कुलूप उघडलं.”

“मग?”

“चोरलेली प्लुटोनियमची पेटी बंदरात सापडली, जहाजावर चढायच्या आत. नशीब आपलं. तेव्हापासून आम्ही ज्यांचं कुणी नाही अशीच माणसं घेतो.”

आणि ती तशीच राहावीत म्हणून उपासनींनी मायामापक तयार केला. जिव्हाळ्याचा चेहरा दिसला की मेंदूचा एक कोपरा नकळत उजळतो. ते उजळणं हे यंत्र मोजायचं. कुंदाताईंशी ज्यांचा संबंध आला त्या सगळ्यांचे फोटो दर महिन्याला त्यांच्यासमोर धरले जात. काटा हलला की त्या माणसाची बदली. एक पहारेकरी रोज जाता-येता “जेवलात का, मावशी?” म्हणायचा. तो पहिल्याच महिन्यात गेला. पुढे कुंदाताईंनी माणसांच्या तोंडाकडे बघणंच सोडलं. आपल्याला कुणी आवडलं म्हणून त्याचं बिऱ्हाड हलावं, हे त्यांना सोसेना. बोलायची सवय जाऊ नये म्हणून त्या चहाच्या आधणाशी बोलत, आणि श्रोता म्हणून ते काही वाईट नव्हतं.

जेवण भिंतीतल्या खिडकीतून यायचं. खिडकीला दोन झाकणं. पलीकडचं लागल्याशिवाय अलीकडचं उघडत नसे, त्यामुळे रांधणारी कोण हे कधी दिसत नसे. आत येणारं ताट पहारेकरी डोळ्यांत तेल घालून तपासत. बाहेर जाणाऱ्या खरकट्या भांड्यांकडे कोण कशाला बघतंय?

एके दिवशी कोठाराच्या शिक्क्याच्या वाटीऐवजी एक घरगुती स्टीलची वाटी आली. आत शिरा होता आणि काठाखाली नाव कोरलेलं होतं: सुगंधा. स्वयंपाकघरात वाटी कमी पडली असावी. कुंदाताईंनी शिरा खाल्ला, वाटी घासली, खिडकीत ठेवायला गेल्या आणि थबकल्या. कुणाच्या घरची वाटी रिकामी परत करायची नसते. काही नसलं तर चिमूटभर साखर तरी घालायची. आईने लहानपणी लावलेलं हे वळण डोंगराच्या पोटात येऊनही सुटलं नव्हतं. त्यांनी वाटीत साखर घातली.

दुसऱ्या दिवशी वाटी पुन्हा आली, तळलेली कुरडई घेऊन.

मग ते सुरूच झालं. कुंदाताईंच्या खोलीत झरोक्याखाली मिरचीचं एक रोप होतं. त्याच्या मिरच्या वाटीतून गेल्या आणि ठेचा होऊन परत आल्या. संक्रांतीला तिळगूळ आला. गोड बोलायची मात्र सोय नव्हती! कुंदाताई मनातल्या मनात त्या रांधणारीला सुगंधा म्हणू लागल्या. खिडकीपलीकडे भांड्यांचा आवाज झाला की त्या हातातलं काम सोडून उठत. सुगंधा त्यांना फार आवडायची. इतक्या वर्षांत कुणी त्यांच्यासाठी मुद्दाम काही केलं नव्हतं.

मायामापकाला यातलं काही सापडेना, कारण दाखवायला चेहराच नव्हता. काटा शून्यावरून किंचित उचललेला दिसे. उपासनींनी काचेवर टिचकी मारून पाहिली, कपाळाला आठ्या घातल्या, आणि ते निघून गेले.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, भर दुपारी, कोठाराच्या दाराजवळचा फोन वाजला.

“दार उघडायचं,” एक पुरुषी आवाज म्हणाला. “पहारा आमच्या ताब्यात आहे. स्वयंपाकीण पण.”

मग बाईचा आवाज आला. कुंदाताईंनी तो आयुष्यात पहिल्यांदाच ऐकला. “बाई, मी वाटीवाली वो. सुगंधा नाव घातलेली वाटी, ती माझी. तुमच्या मिरच्या मीच कुटते. ह्यांनी गळ्याला सुरा लावलाय. दार उघडा वो बाई, माझी पोरगी लई लहान हाय!”

कुंदाताई फोन तसाच बाजूला ठेवून पट्टीपाशी गेल्या आणि त्यांनी कपाळ टेकवलं. दिवा तत्काळ हिरवा झाला. त्यांच्या मनात भीती औषधालाही नव्हती. सुगंधाला सोडवायचं, एवढंच होतं. त्यांचा हात चाकावर गेला.

तो तिथेच राहिला. बाहेर कुठलं तरी शहर होतं. त्या शहरात त्यांच्या ओळखीचं कुणीसुद्धा नव्हतं. पण तिथेही घराघरांतून वाट्या इकडून तिकडे जात असतील, आणि कुणीतरी त्या रिकाम्या जाऊ नयेत म्हणून साखरेचा डबा उघडत असेल. हे दार उघडलं तर त्यातलं काहीच उरणार नव्हतं.

त्यांनी चाकावरचा हात काढला आणि फोन उचलला. “मी उघडणार नाही. तुम्हाला काय करायचं ते करा.”

पलीकडून “बाई...” एवढंच ऐकू आलं आणि फोन बंद झाला. कुंदाताई दाराला टेकून खाली बसल्या आणि मोठमोठ्याने रडल्या. रडणं ऐकणारं कुणी नव्हतं.

थोड्या वेळाने बाहेरचं दार उघडून आले ते डॉ. उपासनी. एकटेच, हातात पाण्याचा पेला घेऊन.

“सराव होता, ताई. अतिरेकी वगैरे कुणी आलं नव्हतं. काटा कशाने उचलला जातो ते शोधताना परत जाणारी वाटी आम्हाला दिसली होती.”

“ती जिवंत आहे?”

“अगदी सुखरूप.”

कुंदाताईंचा जीव भांड्यात पडला. पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी विचारलं, “म्हणजे ती नाटक करत होती?”

“नाही. तिलाही ते खरंच वाटायला हवं होतं. खोट्या रडण्याला तुम्ही फसला नसता.”

“मग मी काय म्हणाले, ते तिने ऐकलं?”

उपासनींनी होकारार्थी मान हलवली. “आम्ही लगेच तिला सगळं समजावून सांगितलं. घरी जायची मोकळीक दिली. राहते म्हणाली.”

“डॉक्टर, तुमचं गणित चुकलं,” कुंदाताई म्हणाल्या. “माया होती, तरी दार बंदच राहिलं की.”

“दिवा हिरवा होता, ताई. तुमचा हात चाकावर होता. त्या एका क्षणाच्या भरवशावर मी शहर ठेवू शकत नाही.”

ती राहते म्हणाली, हे एकच वाक्य कुंदाताईंच्या डोक्यात घोळत होतं. राहते म्हणाली, म्हणजे तिला कळलं असेल. सुगंधाची वाटी त्यांच्याकडेच होती. त्यांनी ती साखरेने शिगोशीग भरली, वर रोपावरच्या होत्या-नव्हत्या त्या सगळ्या मिरच्या ठेवल्या आणि खिडकीत सरकवली.

दुसऱ्या दिवशी ताट आलं. भाकरी गरम होती, भाजीत मीठ बेताचं होतं. ताटाच्या कडेला सुगंधाची वाटी होती, स्वच्छ घासलेली, कोरडी पुसलेली. आत काही नव्हतं. कुंदाताईंनी ती तिरकी करून झरोक्याच्या उजेडात धरून पाहिली. साखरेचा दाणासुद्धा नव्हता.

दुपारी उपासनी मायामापक घेऊन आले. या खेपेला त्यांनी ‘ही तुमची वाटीवाली’ म्हणत एक नवा फोटो दाखवला: पस्तिशीची एक बाई, हनुवटीवर तीळ, फोटो काढताना उन्हाने डोळे बारीक केलेले. कुंदाताई त्या चेहऱ्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. काटा जागचा हलला नाही. तो शून्यावर होता, पहिल्या दिवशी होता त्याहूनही स्थिर.

“अभिनंदन!” उपासनी मनापासून म्हणाले. “मला वाटायचं, ज्याचं मुळात कुणी नाही तो माणूस सुरक्षित. ते अर्धंच खरं होतं. ज्याने आपलं माणूस एकदा हातचं सोडलंय, तो खरा सुरक्षित. आता प्रत्येक कुंजीधराला आधी अशी एक वाटी द्यायची, तिची सवय लागू द्यायची, आणि मग असाच सराव घ्यायचा. दिल्लीला आजच कळवतो.”

उपासनी यंत्र आवरून निघाले तशी कुंदाताईंनी वाटी उचलली.

“ही त्यांच्या घरची आहे. देऊन टाका.”

“देतो की,” म्हणत त्यांनी हात पुढे केला.

कुंदाताईंचा डावा हात सवयीने साखरेच्या डब्याकडे गेला. झाकणाला बोटं लागली, तसा त्यांनी तो मागे घेतला आणि वाटी तशीच रिकामी उपासनींच्या हातात दिली.