फाटकाबाहेरची आई

सत्काराचा नारळ सुमित्राबाईंनी दुसऱ्या दिवशी सकाळी फोडला... आणि तो असा फोडला, की बाहेर पेपर वाचत बसलेले विश्वनाथराव दचकून म्हणाले, "अगं, जरा हळू."

हळू! जन्मभर दुसरं केलं काय होतं त्यांनी? हळू बोलल्या, हळू चालल्या, कुणाच्या लक्षात येणार नाही अशा बेताने हळूच मागे सरकल्या... आणि काल कोपर्निकस मार्गावरच्या त्या भरल्या हॉलमध्ये पोटच्या मुलाने माइकवरून त्याचं हे फळ त्यांच्या पदरात टाकलं.

दिल्लीतल्या मराठी मंडळींनी काल इंद्रजितचा सत्कार केला होता. सरोजिनीनगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये वाढलेला आपला मुलगा भारताच्या बास्केटबॉल संघातून खेळला, लीगमध्ये नाव काढलं आणि आता निवृत्त होतोय, म्हटल्यावर कौतुक व्हायचंच. शाल झाली, नारळ झाला, भाषणं तर विचारूच नका! मग साडेसहा फुटांचा इंद्रजित माइकपाशी वाकून आपल्या त्या धेडगुजरी मराठीत म्हणाला, "मी आज जो काही आहे, तो बाबांमुळे. बाबांनी माझी एक पण मॅच सोडली नाही. आणि आई... आई एकदा पण आली नाही. तिला हा गेम कधी आवडलाच नाही. पण चलता है. माफ केलं तुला, आई."

लोक हसले. टाळ्या पडल्या. इंद्रजितने स्वतःच्या अंगावरची शाल काढून बापाच्या खांद्यावर घातली, नारळ बापाच्या हातात दिला. विश्वनाथरावांनी डोळे पुसले. पहिल्या रांगेत बसलेल्या सुमित्राबाईसुद्धा हसल्या. न हसून करतील काय?

माफ केलं म्हणे! खोबरं खवताना तो एकच शब्द त्यांच्या उरात सलत होता. त्यांचा अपराध तरी कोणता, हे माहीत असलेला जगात एकच माणूस होता, आणि तो बाहेर पेपर वाचत बसला होता.

तेवढ्यात हेमांगी, त्यांची सून, ओट्यापाशी आली. तिला कालपासून चैन नव्हतं. आज संध्याकाळी इथेच नोएडात इंद्रजितचा शेवटचा सामना. गुडघ्याने कधीचाच राजीनामा दिला होता, डॉक्टरांनी आजच्यापुरती कशीबशी परवानगी दिली होती. "आई, आजच्या दिवस तरी चला ना. पुन्हा नाही बघायला मिळणार," ती कळवळून म्हणाली. सुमित्राबाईंच्या ओठांवर 'येते' हा शब्द आलासुद्धा... पण दारात बूट चढवत असलेला इंद्रजित म्हणाला, "जाऊ दे ना हेमांगी, जबरदस्ती कशाला? नाही तिला इंटरेस्ट." आणि विश्वनाथरावांनी पेपराआडून पुस्ती जोडली, की तिला काय कळतंय त्यातलं. सुमित्राबाईंनी खोबऱ्यात साखर घातली आणि गॅस बारीक केला.

काय कळतंय! अहो, त्या मुलाच्या हातात पहिला चेंडू कुणी दिला होता? शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या याच बाईने! क्वार्टरच्या मागच्या भिंतीवर खडूने चौकोन आखून, ताडमाड वाढणाऱ्या पोराला, "इथे मार," असं सांगणारी आईच होती. तेव्हा विश्वनाथराव फायलींत बुडालेले असत. पोरगा उडी मारायचा, क्षणभर हवेतच थांबल्यासारखा वाटायचा, आणि सुमित्राबाईंचा श्वास त्याच्याबरोबर वर जायचा... त्या उडीसाठी त्यांनी जगातलं काहीही ओवाळून टाकलं असतं.

मग आलं पानिपत. ज्युनिअर गटाची स्पर्धा होती, इंद्रजित पंधरा वर्षांचा. सुमित्राबाई अख्ख्या संघासाठी लाडू घेऊन गेल्या होत्या. आधीचे दोन सामने मुलं त्यांच्या डोळ्यांदेखत हरली होती, हाही हरली. शेवटच्या क्षणी इंद्रजितचे दोन्ही फ्री थ्रो रिंगला लागून बाहेर पडले. परतताना बस एका ढाब्यावर थांबली, आणि तिथे, सगळ्या मुलांच्या देखत, तो आईवर ओरडला. "तू आलीस की आम्ही हरतो. पनवती आहेस तू. पुन्हा येऊ नकोस माझ्या मॅचला."

सुमित्राबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. एक शब्द हवा होता त्यांना त्या माणसाकडून, मुलाला दटावणारा एकच शब्द! विश्वनाथराव म्हणाले, "मूड गेलाय गं त्याचा. तू थोडे दिवस नको येऊस, मी जातो." पुढच्या सामन्याला ते एकटे गेले, आणि नशिबाची थट्टा बघा, मुलं दणदणीत जिंकून आली. इंद्रजित नाचत घरी आला. ढाब्यावर काय बोललो हे त्याच्या गावीही नव्हतं. आईच्या मात्र ते काळजावर कोरलं गेलं होतं.

वर्गात मुलांना मांजर आडवं गेल्याने काही होत नाही म्हणून सांगणारी ही बाई... पण मुलाच्या बाबतीत आईचं शिक्षण कुठे कामाला येतं? जिंकतोय ना, मग आपण नाही जायचं. थोड्या दिवसांचे महिने झाले, महिन्यांची वर्षं झाली. घरात मात्र त्यांना बसवेना. नवरा आणि मुलगा गेले, की मागोमाग त्या निघत. मेट्रो, रिक्षा, मिळेल ते धरून स्टेडियमच्या फाटकाबाहेर जाऊन उभ्या राहत. मे महिन्यात लूच्या भाजणाऱ्या झळांत उभ्या राहिल्या, जानेवारीच्या धुक्यात स्वेटरवर शाल गुंडाळून उभ्या राहिल्या. आतून आरडाओरडा आला की हात जोडत, आत शांत झालं की डोळे गच्च मिटून घेत. आणि सामना संपायच्या आत घरी येऊन कुकर लावत. संघ हरायचाही अधूनमधून. तेव्हा त्यांना वाटे, आज आपण फाटकाच्या जरा जास्तच जवळ गेलो. टीव्हीवर, फोनवर चालू सामना पाहायचा नाही, हाही नेम. निकाल लागल्यावर विश्वनाथराव फोनवर एखादी झलक दाखवत, वीतभर काचेवर बोटाएवढा मुलगा. त्यात कसली दिसतेय उडी!

गुडघा मोडला तेव्हाही त्या बाहेरच होत्या. अँब्युलन्स त्यांच्या समोरून गेली, आत विश्वनाथराव बसलेले दिसले. रिक्षा मिळेपर्यंत जीव अर्धा झाला. हॉस्पिटलात पोचल्या, तर वेदनेने पिळवटलेला मुलगा तोंड फिरवून म्हणाला, "आलीस? एवढ्या उशिरा?" विश्वनाथरावांना त्या कुठून आल्या हे पक्कं ठाऊक होतं; एकदा फाटकाशी त्यांनी बायकोला स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. ते पलंगापाशी उभे राहून सलाइनकडे बघत राहिले.

आजही, सगळे गेल्यावर, सुमित्राबाईंनी खोबऱ्याच्या वड्या डब्यात भरल्या आणि त्या निघाल्या. शेवटचं उभं राहायचं होतं, एवढंच.

सामना रंगात आला असताना हेमांगी इंद्रजितच्या गुडघ्याचा पट्टा आणायला गाडीकडे धावत आली, आणि तो घेऊन परतताना फाटकाबाहेर कठड्यावर डबा मांडीवर घेऊन बसलेली सासू पाहून जागीच खिळली. तिने विचारलं, पुन्हा विचारलं, हाताला धरून उठवू लागली. तेव्हा सुमित्राबाईंचा इतक्या वर्षांचा बांध फुटला. "नको गं मला आत नेऊस... आज शेवटचं आहे, आज तरी त्याला जिंकू दे." हुंदक्यांत, तुटक तुटक, पानिपतपासूनचं सगळं बाहेर पडलं. हेमांगी पट्टा छातीशी धरून रडत राहिली, आणि मग तो नवऱ्याला पोचवायला आत पळाली.

तो सामना इंद्रजितचा संघ हरला.

लोक पांगले. मग त्या रिकाम्या होत चाललेल्या रस्त्यावर जर्सीतला इंद्रजित लंगडत बाहेर आला, मागे हेमांगी, त्याच्याही मागे विश्वनाथराव. हेमांगीने त्याला सारं सांगितलं होतं. तो आईसमोर उभा राहिला. पांढऱ्या होऊ लागलेल्या कल्ल्यांवरून घाम ओघळत होता.

"आई, मी असं बोललो होतो? पानिपतला?" तो म्हणाला. "मला आठवत पण नाही गं."

आठवत नाही! ज्या एका वाक्याच्या ओझ्याखाली एक बाई तरुणीची म्हातारी झाली, ते बोलणाऱ्याला आठवतही नव्हतं. सुमित्राबाईंना हसू आलं, कडू जहर हसू.

"पंधरा वर्षांचा होतास रे. तुला काय आठवणार?"

"मग एक थोबाडीत का नाही मारलीस मला? का ऐकलंस?"

"तू जिंकायला लागलास ना..."

तो मोठा धिप्पाड माणूस रस्त्यातच खाली बसला आणि आईच्या पावलांवर डोकं ठेवून लहान मुलासारखा रडला. काल आपण लोकांसमोर तिला माफ केलं होतं, हे आठवून त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग त्याने मान वर करून बापाला विचारलं, "बाबा, तुम्हाला माहीत होतं?"

सुरुवातीला वाटलं ती विसरेल, असं काहीतरी विश्वनाथराव पुटपुटले. पुढे... पुढे सगळे त्यांनाच खेळाडूचा बाप म्हणून खुर्ची देऊ लागले होते. हे त्यांनी सांगितलं नाही, पण सुमित्राबाईंना ते न सांगताच माहीत होतं.

"पुढची खुर्ची मिळाली ना तुम्हाला?" त्या शांतपणे म्हणाल्या. "झालं तर मग."

इंद्रजित उठला. त्याने आईचा हात धरला, डबा हेमांगीकडे दिला आणि आईला घेऊन फाटकातून आत शिरला. उंबरठ्याशी त्यांचं पाऊल अडखळलं. "चल, आई. आता हरायला काही उरलंच नाही," तो म्हणाला. आतले बरेचसे दिवे मालवले होते, झाडूवाले खुर्च्यांमधून फिरत होते. त्याने आईला अगदी पुढच्या खुर्चीवर, बापाच्या जागेवर बसवलं आणि कोपऱ्यातला चेंडू उचलला. हेमांगीने गुडघ्याची शपथ घातली, तिचं त्याने ऐकलं नाही. "एकदाच. तुझ्यासाठी," त्याने आईला सांगितलं.

तो लंगडत मागे गेला, वळला, धावला... आणि शरीरात उरलंसुरलं होतं नव्हतं ते सारं एकवटून त्याने उडी घेतली!

जाळी सळसळली. चेंडू खाली पडून टपटपत दूर गेला. इंद्रजित गुडघा दोन्ही हातांनी दाबून जमिनीवर बसला होता. वेदनेने चेहरा पांढरा पडला होता, आणि तरी तो हसत होता. आता पुन्हा त्याला उडी मारता येणार नव्हती, हे तिथे सगळ्यांना दिसत होतं.

"आई, बघितलंस?"

"बघितलं रे राजा," सुमित्राबाई म्हणाल्या. गालांवरून धारा लागल्या होत्या. "डोळे भरून बघितलं."

हेमांगी त्याला उठवायला धावली. विश्वनाथराव बायकोच्या खुर्चीशेजारी उभे होते. उडीच्या त्या क्षणी ते मुलाकडे पाहत नव्हते. कधी नव्हे ते तिच्याकडे पाहत होते. इतक्या वर्षांच्या सवयीने, मुलाच्या काळजीने, ऐन वेळी तिचे डोळे गच्च मिटलेले त्यांनी पाहिले होते... आणि याही वेळी ते काही बोलले नाहीत.