बिनअस्तराची गाठ

मास्तर सोनोग्राफीच्या खोलीत आले ते कानाला दोन बटणं शिवून घेऊनच. उजव्या कानाच्या कूर्चेत पाणी साचलं होतं. कानाच्या डॉक्टरांनी ते सुईने काढलं आणि पुन्हा भरू नये म्हणून एक बटण पुढून, एक मागून लावून मधे कान घट्ट दाबून ठेवला. उपचार खात्रीचा होता. पण चाळीस वर्षं शिवणकाम केलेल्या माणसाला तो पटेना.

"चार भोकांचं बटण, आणि टाका दोनच भोकांत," टेबलावर आडवं होता होता ते म्हणाले. "माझ्याकडे कामाला असता तर महिनाभर नुसता उसवायला बसवला असता."

"बाबा, शर्ट वर करा आणि गप पडा," लेक म्हणाली.

डॉक्टरीण हसली. शिक्षण संपवून तिला जेमतेम वर्ष झालं होतं आणि दिसेल ती गोष्ट मोजून बघायची तिला खोडच होती. पोटावर जेल लावून तिने प्रोब फिरवला. जठराच्या मागे, स्वादुपिंडाला चिकटून, पाण्याने भरलेली काळी पोकळी दिसली. अकरा सेंटिमीटर. महिन्यापूर्वी स्वादुपिंडाला सूज येऊन गेली होती, तिचाच हा मागे राहिलेला पसारा.

लेकीने कॅन्सर हा शब्द तोंडातून काढला नाही. साधीच आहे ना, एवढंच विचारलं. मग तिला चटकन कळावं म्हणून डॉक्टरणीने सांगितलं की ही खोटी गाठ आहे, कानातल्यासारखीच. खऱ्या गाठीला आतून स्वतःचं अस्तर असतं, हिला नाही. शेजारच्या जठराच्या, आतड्याच्या भिंती उसन्या घेऊन ही उभी आहे.

मास्तरांनी मान उचलली. "अस्तर नाही?"

"नाही. तेच बरं असतं."

"बरं कसं? बिनअस्तराचं काम उसवतं, बाई." मग छताकडे बघत ते म्हणाले, "कोट मी बेतायचो, अस्तर हिची आई लावायची, दुपारी बसून. ती गेल्यापासून मी कोट घेतलाच नाही शिवायला."

उसवण्याबद्दल मास्तर चुकले नव्हते. अशी गाठ कधी कधी पोटात फुटते. सर्जननी इलाज सांगितला होता: भिंत जाड होईपर्यंत थांबायचं, मग गाठ आणि जठर यांच्यामध्ये एक वाट करून तिच्या कडा शिवून टाकायच्या, म्हणजे पाणी आपोआप जठरात उतरतं. पण मास्तरांचं हृदय पाव ताकदीवर चाललं होतं. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी सरळ हात जोडले. बाहेरून सुई घालून पाणी काढून पाहिलं, तर चार दिवसांत पोकळी पुन्हा तेवढीच. गाठ फुटली तर मास्तर हाती लागणार नाहीत, आणि ऑपरेशन केलं तर टेबलावरून उठणार नाहीत. लेकीला हे सांगताना सर्जन खिडकीकडे बघत होते. शेवटी दर मंगळवारी सोनोग्राफी करायची आणि लक्ष ठेवायचं, एवढंच ठरलं.

तिसऱ्या मंगळवारी पोकळीच्या कडेला पांढरे ठिपके दिसले. डॉक्टरणीने मोठ्या सरांना बोलावलं.

"कॅल्शियम," सर म्हणाले. "जेवलीस का तू?"

कॅल्शियम वाटेल तिथे साचतं, भिंतीवरच्या पोपड्यांसारखं. हे ठिपके एका ओळीत होते. दोन ठिपक्यांमधलं अंतर तिने चौदा ठिकाणी मोजलं. चौदाही ठिकाणी दोन मिलिमीटर. दुसऱ्या मशीनवर मोजलं, तिथेही दोन. आणि ओळीच्या आतल्या बाजूला, आधी जिथे काहीच नव्हतं, तिथे एक बारीक गुळगुळीत पापुद्रा आला होता.

दुखतं का, तिने विचारलं.

"दुखत नाही. दुपारी जरा टोचतं," मास्तर म्हणाले. "घरातलं सगळं आवरून झाल्यावर."

"कुणाचं आवरून झाल्यावर, बाबा?" लेकीने विचारलं.

मास्तरांनी शर्ट खाली ओढून घेतला. त्यांचा चेहरा कुणीतरी काळजी घेत असल्यासारखा निवांत दिसत होता.

पाचव्या मंगळवारी पापुद्रा पोकळीभर फिरला होता. सहाव्या मंगळवारी पोकळीच नव्हती. रिकामी पिशवी जठराच्या पाठीला बिलगून पडली होती आणि दोघांच्या मध्ये एक गोल वाट होती. वाटेच्या कडेला ठिपके, घट्ट आणि सारखे.

सर्जन खूश झाले. गाठ आपण होऊन जठरात मोकळी होते कधी कधी, नोंदी आहेत तशा, ते म्हणाले. डॉक्टरणीला ते मनापासून पटवून घ्यायचं होतं. लेकीने तिचे दोन्ही हात धरले, काहीतरी बोलायला गेली आणि रडूच लागली. मग डोळे पुसत, घरी कळवायला म्हणून फोन घेऊन बाहेर गेली.

खोलीत दोघंच उरली. सगळं नीट आहे ना, याची खात्री करायला डॉक्टरीण प्रोब घेऊन ठिपक्यांच्या मागे मागे गेली.

ओळ जठरापाशी संपायला हवी होती.

संपली नाही. छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्यातून ती वर गेली होती.

तिने प्रोब बरगड्यांखाली तिरका दाबला. हृदय दिसलं. टोकाशी, जिथे भिंत झिजून पातळ झाली होती, तिथे ठिपक्यांच्या दोन ओळी होत्या. तिसरी अर्धी.

"श्वास रोखून धरा, मास्तर."

मास्तरांनी धरला. पोट स्थिर झालं, यकृत स्थिर झालं. अर्ध्या ओळीच्या पुढे एक बारीक, चकाकती रेघ होती. ती थांबली नाही. सावकाश भिंतीत शिरली, पलीकडे निघाली, वळली.

डॉक्टरणीने नकळत मोजायला सुरुवात केली. रेघ भिंतीत शिरली की हृदय थांबत होतं. ती पलीकडे निघाल्यावरच पुढचा ठोका पडत होता.