काटोंगोमामाचा कॉम्प्युटर

हे खरं आहे. माझ्याबरोबर घडलंय. पटत नसेल तर सोडून द्या, पटवत बसायची ताकद आता माझ्यात नाही.

सतरा ऑक्टोबर. झांबियातलं कासामा. रात्र नव्हती, भर दुपारचे तीन वाजले होते.

मी सांपा. इथल्या एका दवाखान्यातले कॉम्प्युटर सांभाळतो. आधी हे काम काटोंगोमामा करायचा, माझ्या आईचा धाकटा भाऊ. मार्चमध्ये तो गेला.

आमच्यात माणूस गेला की त्याचं नाव वाऱ्यावर सोडत नाहीत. घरातल्या कुणीतरी चटईवर बसायचं, पाणी प्यायचं आणि ते नाव घ्यायचं. मामाचं नाव माझ्याकडे येणार होतं. त्याबरोबर त्याचा संसार, त्याची भांडणं, सगळंच. त्या दिवसापासून आईसुद्धा मला भाऊ म्हणणार.

मी नाही म्हणालो. माझं मलाच झेपत नव्हतं हो.

नाव तसंच राहिलं.

त्या दुपारी रक्त तपासायच्या खोलीतला कॉम्प्युटर नव्या नेटवर्कला जोडायचा होता. तिथे प्रत्येक कॉम्प्युटरला ठरवून दिलेलं नाव लागतं. मी कमांडची काळी खिडकी उघडली. सध्याचं नाव विचारायला 'होस्टनेम' टाइप केलं.

उत्तर आलं... काटोंगो.

मामानेच ठेवलेलं. त्यात नवल काही नव्हतं.

मी ते 'लॅब-२' केलं. नुसती तेवढी कमांड दिली तर रीस्टार्टनंतर जुनं नाव परत येतं, हे नवशिक्यालाही ठाऊक असतं. म्हणून नाव साठवणाऱ्या फाइलमध्येही नवं नाव लिहिलं. रीस्टार्ट केलं. पुन्हा विचारलं.

...काटोंगो.

"झालं की नाही रे?" नकांदूबाईंनी विचारलं. वीस वर्षं त्या खोलीत रक्त तपासतायत. "तुझा मामा पाच मिनिटांत उरकायचा."

"मग मामालाच बोलवा."

"वा! नाव घ्यायची वेळ आली तेव्हा पळालास, आणि आता त्याच नावाशी कुस्ती!"

त्या हसल्या. मीही हसलो, उसनं.

फाइल उघडून पाहिली. आत 'लॅब-२' स्वच्छ लिहिलेलं. पुन्हा रीस्टार्ट केलं.

काटोंगो.

तिसऱ्यांदा. चौथ्यांदा. डोळे चुरचुरत होते. घरी जाऊन आडवं पडावं, एवढंच वाटत होतं.

पाचव्यांदा एंटर दाबलं... आणि पंख्याचा आवाज थांबला.

पंखा फिरत होता. आवाज नव्हता.

मग टेबलावर... टक टक.

एंटर दाबल्यावर मामा नखाने टेबल वाजवायचा. नेहमी दोनदा.

"बाई, तुम्ही वाजवलंत?"

त्या खोलीच्या दुसऱ्या टोकाला होत्या. दोन्ही हातांत रबरी मोजे. आता हसत नव्हत्या.

मी वैतागलो. भीतीपेक्षा वैतागच जास्त होता. लॅब-२ नको ना? मग हे घे, बाबा. मी सरळ स्वतःचं नाव टाइप केलं. सांपा.

रीस्टार्ट केलं.

सांपा.

टिकलं! पंख्याचा आवाजही परत आला.

नकांदूबाई मागे येऊन उभ्या राहिल्या. पडद्याकडे पाहतच राहिल्या. "तुझं नाव त्याला दिलंस? मग तुझ्याकडे काय उरलं रे?"

"कॉम्प्युटरचं नाव आहे ते, बाई. उद्या बदलतो."

संध्याकाळी आईचा फोन आला. ती गावी असते. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं.

"काटोंगो, न्शिमा खाल्लीस का रे?"

मला वाटलं, भावाची आठवण आली असेल. म्हणालो, "आई, मी सांपा बोलतोय."



"सांपा कोण?"

मी फोन ठेवला. रात्रभर जागाच होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ते नाव बदलायला गेलो. बोटं कीबोर्डवर ठेवली... आणि मागे घेतली. जिथे सांपा असं लिहिलंय, अशी ती एकच जागा उरली असेल तर? तीही मीच पुसायची?

नाही बदललं. अजूनही तेच आहे. कॉम्प्युटर उत्तम चालतो.

आई दर रविवारी फोन करते. पहिले काही आठवडे मी तिला समजावत होतो. ती रडायची. मग मीच थकलो.

परवा तिने विचारलं, "काटोंगो, जेवलास का रे?"

"हो, ताई," मी म्हणालो.

जीभ जरासुद्धा अडखळली नाही.